दादाच्या नावाने काढलेला एक्स-रे

दादा व्हिसाच्या मेडिकल तपासणीत पास व्हावा म्हणून आमच्या घरात महिनाभर जी तयारी चालली, तेवढी माझ्या दहावीलाही झाली नव्हती. गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेल्या माझ्या थोरल्या भावाला मस्कतची नोकरी लागली होती. अडचण एकच, त्याचा खोकला. चौदा वर्षं गिरणीत कापसाची धूळ खाल्लेली. एक्स-रेत डाग दिसला की व्हिसा गेला, हे भांडुपच्या आमच्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आई रोज सकाळी त्याला दुधात कच्चं अंडं फेटून द्यायची. "पी सगळा. छाती भरान येतली," म्हणायची. तो नाक दाबून प्यायचा आणि पुन्हा खोकायचा.

शेवटी अक्कल मीच पाजळली. मी कबड्डीतला गडी, चढाईला गेलो की दम संपायचा नाही. चेहरा दोघांचा एकाच साच्यातला. दादा नको नको म्हणत असताना मी पंधरा दिवसांत मिशी वाढवली आणि त्याचा पासपोर्ट घेऊन अंधेरीच्या तपासणीवाल्यांकडे छाती फुगवून उभा राहिलो. कुणी धड मान वर करूनही पाहिलं नाही.

चार दिवसांनी नोकरी लावून देणाऱ्या एजंटने पासपोर्ट परत केला. सोबत चिठ्ठी: अनफिट. उजव्या फुफ्फुसात टीबीचा डाग.

"दुसऱ्याच कुणाचा फोटो असेल रे, दादा," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो मला दंडाला धरून म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात घेऊन गेला आणि दोघांचेही एक्स-रे काढायला लावले.

त्याची छाती स्वच्छ निघाली. डाग माझ्या छातीत होता, तोच, त्याच जागी. जिच्या जोरावर मी गल्लीभर मिरवत होतो ती छाती आतून पोखरलेली, आणि मला पत्ताच नाही! त्याहून भयंकर म्हणजे दादा स्वतः गेला असता तर पास झाला असता. आता खरं सांगायचीही सोय नव्हती. अनफिटचा शिक्का त्याच्या नावावर बसला तो बसलाच.

"दादा, मी तुझी वाट लावली," म्हणत मी ढसाढसा रडलो.

"गप रे," एवढंच तो म्हणाला.

सकाळी आईने सवयीने त्याच्यापुढे अंडं घातलेल्या दुधाचा पेला ठेवला. दादाने तो उचलून माझ्यासमोर ठेवला.

"नाक दाब आणि पी."