चाचांची यादी आणि माझं गप्प बसणं

"टिक केल्याबिगर बटनाला हात न्हाय." चाचांचं हे वाक्य आमच्या ऑफिसात शिपायालाही पाठ होतं. कानावर पेन, हातात तयारीची यादी. एकेका ओळीवर खूण झाल्याशिवाय हा माणूस पुढं सरकत नसे. असं डोकं खाणारं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच.

उमरग्याजवळच्या एका डाळ मिलमध्ये आम्ही दोघं कंप्युटर सांभाळायचो. चाचा साठी ओलांडलेले. दर वर्षी त्यांची मुदत वाढायची. मी सहा महिन्यांच्या करारावर, त्यात लग्न ठरलेलं.

खरेदी, रजा, मंजुऱ्या सगळं कंप्युटरवर फिरवणारं नवं सॉफ्टवेअर बसणार होतं. त्याचे रिपोर्ट काढायला वेगळा सर्व्हर होता, तो आम्ही आधी तयार करून ठेवायचा. दुपारी चारला ते बसवायला पुण्याची माणसं येणार होती. मॅनेजरसाहेब सकाळीच बजावून गेले होते, "आज घोळ झाला तर ज्याची चूक, तो घरी."

अडीच वाजले. यादीत एकच ओळ उरली होती, चाचणी रिपोर्ट. तो काही केल्या निघेना.

"पुन्हा पहिल्यापासून," चाचा म्हणाले.

"चाचा, वेळ कुठं आहे?"

"म्हणूनच पहिल्यापासून. घाई लई महाग पडती, बेटा."

पहिली ओळ होती मशीनचं, म्हणजे सर्व्हरचं नाव; तिच्यावर महिन्यापूर्वीच खूण झाली होती. चाचांनी यादीतलं वाचलं, मग पडद्यावरचं वाचलं. दोन्ही नावं वेगळी होती. खूण झाल्यावर मधेच जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा ऑफिसातले शिक्के, पाट्या, लेटरहेड बदलायचं काम माझ्याकडं होतं. त्या भरात मी सर्व्हरच्या नावातलं जिल्ह्याचं नावही बदललं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. रिपोर्ट काढणारा प्रोग्राम अजून जुन्याच नावाचं मशीन शोधत होता.

"तू बदललं व्हय?"

मी मान हलवली. चाचांनी कीबोर्ड पुढं ओढला. जुनं नाव परत दिलं, मशीन बंद करून चालू केलं. ते चालू होईतो मॅनेजरसाहेब दारात.

"काय झालंय?"

"नाव बदललं होतं, साहेब. म्याच बदललं. ध्यानात राहिलं न्हाय."

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायचं होतं, उघडलं नाही.

पावणेचारला रिपोर्ट निघाला. पुण्याची माणसं आली, सॉफ्टवेअर बसलं, पेढेही वाटले. पुढच्या महिन्यात चाचांची मुदत वाढली नाही.

शेवटच्या दिवशी मी त्यांना फाट्यावर गाठलं. "चाचा, मी साहेबांना खरं सांगतो."

"आता कशाला? माझं झालं वय. तुझं घर उभं राहायचंय. गप बस."

त्यांच्या गावची, मुरुमची एसटी आली, ते चढले. वर्षभरात ते वारल्याचंच कळलं. मी कायम झालो, त्यांच्या खुर्चीवर बसतो. मला माझी लाज वाटते. साहेबांना अजून काही माहीत नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.