हवामान ब्रेकनंतर

कार्तिक पौर्णिमेनंतरचा रविवार, दवनीवाडा. शेतावर हजर: मी, हे आणि जाऊबाई.

कापलेलं धान भिजून कुबट वास सुटला आहे. चार दिवस खासगी वाहिनी ‘आभाळ फाटणार’ म्हणून किंचाळत होती. कधी फाटणार, ते साबणाच्या जाहिरातीनंतर. थेंब पडला नाही. पाचव्या दिवशी आम्ही लक्षच दिलं नाही आणि पाऊस आला. त्या वाहिनीची शिसारी आली.

माहेरच्या अंगणात याच दिवसांत सुक्या धानाचा वास असायचा. मी तेव्हा बारा वर्षांची. सरकारी रेडिओवर निवेदक संथपणे हवामान सांगत होता आणि मी गाण्यांसाठी बटण फिरवलं.

“काऊन फिरवलंस? पाऊस सांगून राहिला ना तो!” बाबा ओरडले.

“त्याले झोप येऊन राहिली, बाबा.”

“येऊ दे. लबाड त नाही बोलत.”

बाबांनी हाक दिली. अंधार पडायच्या आत आळीने मिळून सगळ्यांचं धान रचून झाकलं. पहाटे पाऊस आला.

तो आवाज तेव्हा मला रटाळ वाटला होता. त्याला काही विकायचं नव्हतं, हे आज कळतं.

आज शेताच्या दोन बांध्यांतलं धान वाळायला उलटवून झालं. खालची बांधी अजून राहिली आहे.