जुळं केळं

बायकोला न सांगता जळगावहून जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि रावेरच्या एसटीत त्याचं खोकं बाळासारखं मांडीवर घेऊन बसलो. फैजपूरला केळीच्या पॅकिंगवरून सुटलेल्या एक अक्का शेजारी आल्या.

"काय हाये यात?"

मी सुटलोच. एका कार्डावर दोन प्रोसेसर, दोघांना वेगवेगळी जीडीडीआर-फाइव्ह मेमरी, खास अट्टल गेम खेळणाऱ्यांसाठी!

"तुम्ही खेळता?"

"पत्ते," मी म्हणालो. "कॉम्प्युटरवर."

त्यांनी पदराने पुसून एक जुळं केळं माझ्या हातावर ठेवलं. "खा भाऊ. दिसतं मोठं, पन जुळं खोक्यात बसत नही. म्हनून आम्हाले फुकट भेटतं."

मी मोठ्यांदा हसलो आणि केळं घरी न्यायला ठेवून दिलं.

घरी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. कार्ड दोन बोटं जास्त लांब निघालं. बायको बघत होती. मी केळं सोललं आणि अर्धं तिला दिलं.