कानाच्या मशीनचा कायदा

निवडणूक आली की साखऱ्याकडच्या आमच्या तांड्यात जीप यायची. जीपमधून जो उतरेल त्याच्याकडं लोक रस्ता मागायचे, बोअर मागायचे. माझा बा मात्र कायदा मागायचा, तोही कानाच्या मशीनचा.

"साहेब, औषधाच्या बाटलीवर किंमत छापून राहते," बा उभा राहून म्हणायचा. "मशीनवर काहून न्हाई? तिच्या किमतीला हद्द घाला. तसा कायदा करा." साहेब मान डोलवायचे आणि मागं बसलेली पोरं खिदळायची. त्या पोरांना एकेक ठेवून द्यावी असं मला फार वाटायचं. सभेच्या कडेला बायका बसायच्या, त्यांच्यात याडी, म्हणजे माझी आई. तिला फक्त नवऱ्याचे हलणारे ओठ दिसायचे.

मी रांगत होते तेव्हा याडीला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिचे कान घेऊन गेला. माझं रडणं तिनं ऐकलं होतं, बोलणं कधीच नाही. लोक म्हणतात, अशा घरात लेकराला सवय होते. साफ खोटं. चुलीपाशी जाऊन खांद्याला हात लावला की ती वळायची, हसायची, जवळ घ्यायची. पण मला हाकेसरशी वळणारी आई हवी होती. शेजारणींची लेकरं "याडी" म्हणून ओरडली की त्यांच्या आया पाठीत धपाटा घालायला का होईना, पण वळायच्या. मला त्या धपाट्याचासुद्धा हेवा वाटायचा.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी सेनगावला शिबिर झालं आणि याडीला फुकट मशीन मिळाली. शर्टाच्या खिशात ठेवायची डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. करणाऱ्यानं शर्ट घालणाराच माणूस डोळ्यांसमोर ठेवला असणार. याडीच्या अंगावर आरशांची कांचळी, तिला टाचलेली नाणी नि कवड्या, गळ्यात माळा, गालांवर लोंबणारी चांदीची घुगरी. मी कांचळीला कप्पा शिवला, डबी त्यात बसवली, बटण फिरवलं. याडीचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिनं हात हलवला.

"माझे दागिनेच वाजून राहिले," ती म्हणाली. "बाकी काही न्हाई."

शिबिरातला डॉक्टर म्हणाला, कानामागं बसणारी मशीन घ्या, तिच्यात दागिने एवढे वाजणार नाहीत. दुकानदारानं तिची किंमत सांगितली तेव्हा बा दावणीच्या बैलाकडं बघत बसला. तेव्हापासून त्यानं कायद्याचा नाद धरला. त्याचा विचार सरळ होता. तांड्यात नायकासमोर उभं राहून गाऱ्हाणं सांगितलं की निवाडा व्हायचाच. मुंबईचा नायक मोठा, म्हणून वेळ लागून राहिला, एवढंच. पालथ्या घड्यावर पाणी, असं त्याला कुणीही सांगितलं तरी पुढच्या जीपसमोर तो पुन्हा उभा.

आमच्यात नवरी सासरी निघताना ढावलो गाते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत, माहेर सोडल्याचं गाणं. महिनाभर आधी म्हाताऱ्यांपाशी बसून मी ते शिकले, ते एका याडीसाठीच. तासभर तरी दागिने उतरव नि मशीन लाव, अशी मी खुणांनी तिची विनवणी केली. पण नवरा जिवंत असताना घुगरी काढायची नसते. म्हाताऱ्या डाफरल्याच, पण याडीनंही दोन्ही हातांनी घुगरी घट्ट धरली. "माझ्या कानापायी तुझ्या बाला काही झालं तर?" ती म्हणाली. मी तिच्या गळ्यात पडून गायले. सगळा तांडा रडला. तीही रडली, माझे हुंदके अंगाला लागत होते म्हणून.

पुढं हिंगोली जिल्हा झाला, जीपांचे झेंडे बदलले; निवडणुकीच्या दिवसांत मी सासरहून यायचे तेव्हा बा तेच मागत असायचा. आणि एका उन्हाळ्यात तो गेला.

रीतीप्रमाणे याडीची घुगरी उतरवली, हातातल्या बलिया उतरवल्या, कांचळी पेटीत गेली. तिच्या अंगावर साधी चोळी आली. दिवस झाल्यावर मी पेटी आवरत होते तेव्हा मशीनची डबी सापडली. सेनगावहून नवे सेल आणले, डबी तिच्या चोळीत अडकवली आणि चुलीपलीकडून, खांद्याला हात न लावता, हाक मारली.

याडी वळली.

एवढी वर्षं ज्यासाठी जीव तुटत होता ते असं मिळालं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची शिसारीही आली. मला वाटलं, आता ढावलो म्हणायला सांगेल. मी मनात त्याची पहिली ओळ धरलीसुद्धा.

"तुझा बा सभेत उभा राहून काय म्हणायचा गं?" तिनं विचारलं. "मी नुसती बघत होते. म्हणून दाखव."

मी उभी राहिले. साहेब, म्हटलं, औषधाच्या बाटलीवर किंमत छापून राहते. बासारखंच म्हटलं, आणि जन्माची सवय म्हणून ओरडून म्हटलं.

याडीनं हात वर केला.

"हळू बोल," ती म्हणाली. "ऐकू येऊन राहिलं."