पेन्सिलीचे आकडे

सोसायटीच्या रक्तदाब शिबिराची वही माझ्याकडे आली, ती केवळ माझं अक्षर चांगलं म्हणून. शाळेत बत्तीस वर्षं फळ्यावर लिहून हात वळलेला. माघी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवातच टेबल टाकायचं, खालच्या दवाखान्यातले डॉक्टर पट्टा बांधायचे, फुस् फुस् करून आकडा बघायचे आणि मला हळूच सांगायचे. मी नाव, वय, आकडा लिहायचे. ठाकुर्लीतली आमची इमारत उभी राहिली त्याच्या दुसऱ्याच वर्षापासून हे चाललंय.

या वर्षी सोसायटीच्या पंचविशीची स्मरणिका निघायची होती. सेक्रेटरी म्हणाले, ‘बाई, आपल्या आरोग्यमय वाटचालीवर दोन पानं लिहा.’ आरोग्यमय! मी जुन्या वह्या खिडकीपाशी घेऊन बसले. दुपारची वेळ होती, चहा व्हायचा होता. म्हटलं, तासाभरात उरकेल.

पहिल्या वहीत सगळी आजोबा-आजी मंडळी. तेव्हा बीपी म्हणजे चष्म्यासारखं, वयाप्रमाणे येणारं आणि थोडं मानाचंही. पेन्शनीतले काका आपल्या गोळीची डबी खिशातून अशी काढायचे की जणू घराण्याचा दागिना. एका बेचाळीस वर्षांच्या गृहस्थांना बीपी निघालं तर अख्ख्या इमारतीत आठवडाभर चर्चा. बायका त्यांच्या बायकोला विचारायच्या, घरात काही ताण आहे का. बिचारीने काय सांगावं?

आमच्या इमारतीखालची जमीन ज्यांची, त्या घरातल्या आजीही यायच्या. सगळा जन्म भातशेतीत आणि मिठागरात गेलेला. पट्टा बांधायला हात पुढे करायच्याच नाहीत. ‘मना काय धाड भरलीय?’ म्हणायच्या. आणि खरंच, ऐंशीव्या वर्षी त्यांचा आकडा माझ्यापेक्षा चांगला. त्यांच्या नातवाच्या आता तीन इमारती आहेत, दोन गाड्या आहेत आणि पस्तिशीच्या आत बीपीची गोळी सुरू आहे. पण एक-दोन वह्यांत हे दिसत नाही. मी वर्षांमागून वर्षं उलटत गेले तेव्हा वयाचा रकाना खाली घसरताना दिसला. साठ, पंचावन्न, अठ्ठेचाळीस, चाळीस, मग तिशी. मी ज्यांना दुसरीत पाढे शिकवले ती मुलं, सकाळी सातला घर सोडून रात्री नऊला परतणारी, डब्यातल्या भाजीवर फरसाण भुरभुरून खाणारी, झोप रविवारवर ढकलणारी. मी दरवर्षी त्यांची वयं माझ्या हाताने लिहिली होती आणि एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. वयं घसरत होती, पण आकडे जिथल्या तिथे. एकशे तीस-चौऱ्यांशी, एकशे अठ्ठावीस-ऐंशी, पुन्हा एकशे तीस. अर्धी इमारत वर्षानुवर्षं एकशे तीसवर ठाण मांडून बसलेली. माणसांची रक्तं इतकी शिस्तीची असतात होय? मी स्वतःशीच हसले, आणि हसता हसता आठवलं, ही शिस्त कोणी लावली ते.

आमच्या शिबिराची एक रीत होती. कोणाचा आकडा जास्त आला की डॉक्टर म्हणायचे, ‘जिना चढउतार झालीय, पाच मिनिटं बसा.’ कोणीतरी लिंबू सरबत आणून द्यायचं. पुन्हा मोजायचं. अजून जास्तच असला तर डावा हात. मग गप्पा मारून पुन्हा उजवा. दुसऱ्यांदा मोजण्यात काही गैर नव्हतं. पण चारदा मोजून त्यातला सगळ्यात कमी तेवढा पेनाने लिहायचा आणि आधीचे पुसून टाकायचे, ही आमची करामत. गणपती बसलेत, चार घरची माणसं रांगेत आहेत, कशाला कोणाला उगाच घाबरवायचं. डॉक्टर स्वभावाने भिडस्त आणि मी त्यांच्याहून भिडस्त. दोघंही चांगलं वागत होतो, असंच आम्हाला वाटायचं.

पहिला आकडा मी पेन्सिलीने लिहायचे आणि मग खोडरबर चालवायचे. पण माझा हात जड. शाळेत मुलं म्हणायची, बाईंचं अक्षर मागच्या पानावरही वाचता येतं. मी वही तिरकी धरली. उन्हात प्रत्येक निळ्या एकशे तीसच्या शेजारी कागदावर वळ दिसायला लागले. एकशे छप्पन्न. एकशे बासष्ट. एकशे अठ्ठेचाळीस. एकेका पानावर सात-आठ. चहा करायला उठणार होते, ते तशीच बसून राहिले.

मग मी ज्या नावाला आधी हात लावला नव्हता ते नाव शोधलं. माझ्या मुलाचं.

तिसाव्या वर्षी निळ्या शाईत एकशे चौतीस-शहाऐंशी. शेजारी वळ, एकशे चौसष्ट-एकशे चार. त्या सकाळीच एका स्थळाकडून होकार आला होता, मुलीकडची माणसं दर्शनाला येऊन बसली होती. डॉक्टरांनी आकडा मला दाखवला, तोंडाने बोलले नाहीत. मी म्हटलं, ‘डॉक्टर, पाहुणे बसलेत, पुन्हा एकदा बघा ना.’ पुन्हा बघितलं, आणखी एकदा बघितलं. तिसऱ्या खेपेचा आकडा मी पेनाने लिहिला आणि मुलाला म्हटलं, ‘छान आहे, जा, जेवायला वाढतायत.’ तो गेला. पुढच्या वर्षी त्याच्या मागे रांगेत सून उभी होती. तिच्यासमोर काय लिहायचं, म्हणून पुन्हा खोडरबर. पुढची सगळी वर्षं तसंच. लग्नानंतर तो ठाण्याला राहायला गेला तरी या शिबिराला न चुकता यायचा. आईच्या हौसेखातर.

आठ वर्षं. आई म्हणून मी त्याच्या खोकल्यावर आल्याचा काढा केलाय, तापात रात्री कपाळावर पट्ट्या ठेवल्यात. आणि हे मी स्वतःच्या हाताने पुसलं होतं, दरवर्षी, नीट, कागद फाटू न देता. मला शिसारी आली, माझीच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फोनवर काय बोलणार, म्हणून सोसायटीचं बीपी मोजायचं बटणाचं यंत्र पिशवीत घालून सकाळीच ठाण्याला, खोपटला त्यांच्या घरी गेले. मुलगा अर्ध्या चड्डीत पेपर वाचत होता.

‘अगं आई, इतक्या सकाळी? आधी सांगितलं असतंस तर स्टेशनला आलो असतो.’

‘हात दे,’ मी म्हटलं.

पट्टा फुगला, सुटला. एकशे ब्याण्णव-एकशे अठरा. आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘पाच मिनिटं बस, पुन्हा मोजू.’ सवय जात नाही ती अशी. मी खरंच पाच मिनिटं घड्याळ बघत बसले. मग एकशे अठ्ठ्याऐंशी-एकशे सोळा आला आणि मी पट्टा तिसऱ्यांदा गुंडाळायला लागले, तेव्हा सुनेने माझा हात धरला.

‘आई, परत परत कशाला मोजताय? कपडे घाल रे, आत्ताच्या आत्ता जाऊया.’

त्या दिवशी इस्पितळात ठेवून घेतलं. रक्त घेतलं, लघवी तपासली, पोटाची सोनोग्राफी केली. मुलगा थट्टा करत होता, सलाइनच्या हाताने मेसेज पाठवत होता. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन तरुण डॉक्टरीणबाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या. दोन्ही मूत्रपिंडांना इजा झालेली आहे, म्हणाल्या. जे गेलं ते परत येणार नाही, राहिलेलं सांभाळायचं. अडतीस वर्षांच्या माणसाला, त्याच्या बायकोसमोर, शांतपणे. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द उशिरा येत होते.

‘हे एका वर्षात होत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘बीपी कधीपासून आहे तुम्हाला?’

मुलगा म्हणाला, ‘कधीच नव्हतं डॉक्टर. मी दरवर्षी चेक करतो. गेल्या माघातसुद्धा नॉर्मल होतं. आमच्या आईने लिहून ठेवलंय, तिच्याकडे सगळं असतं.’

तो हे अभिमानाने सांगत होता. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. तिथेही मला एक क्षण वाटलं की मान हलवावी आणि हो म्हणावं. एवढी वर्षं जमलं होतं, आणखी एकदा जमलं असतं.

‘आठ वर्षांपासून आहे,’ मी म्हटलं.

सून पाण्याचा ग्लास भरत होती, तो तिने टेबलावर ठेवला. त्यांच्या लग्नाला सात वर्षं झाली आहेत. हा हिशोब करायला तिला काही वेळ लागला नाही.

‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘अगं, तिला काय कळतंय त्यातलं, डॉक्टरच तिथले...’ मुलगा उठून बसत माझी बाजू घ्यायला लागला. माझीच बाजू, त्या पलंगावरून.

‘तू थांब,’ सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. ‘त्याला काही विचारू नका, त्याला माहीत नाही. यांना विचारा. खरे आकडे यांच्याकडे आहेत.’

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. वही घरी होती, पण तिची गरज नव्हती. पहिल्या वर्षापासून एकेक आकडा मी सांगत गेले आणि मुलगा माझ्याकडे बघत ते पहिल्यांदाच ऐकत होता.