फक्कीने आखलेली गल्ली

वास्तुकला शिकून पुण्यात असताना मी कागदाच्या लगद्याच्या भिंती उभारल्या, घडी होणारा बांबूचा मंडप केला, दुसऱ्यांच्या कामांची प्रदर्शनं मांडली. माय फोनवर दरवेळी एकच विचारायची, "त्यात कोणी राहाते का?" मी चिडायचे, ती हसायची.

मग गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आमचं गाव गेलं. पुनर्वसनाच्या नव्या वसाहतीत सरळ रस्ते, सारखे प्लॉट. माय बोलेनाशी झाली. बाबा मासे धरायला जात, ती दाराशी बसून राही. जुन्या घराशेजारची काकी, जिच्याशी तिचं रोज वाजायचं, वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली होती. मला मायच्या त्या गप्प बसण्याची फार भीती वाटायची. तिचा फोनवरचा प्रश्नसुद्धा बंद झाला होता.

म्हणून यंदा प्रदर्शन मांडायची संधी आली तेव्हा मी हट्टाने जागा म्हणून आमची वसाहतच मागून घेतली. बांधकामावर पहिलं काम असतं फक्कीने आखणी करायचं. भिंती कुठे येणार ते पांढऱ्या रेषांनी जमिनीवर काढायचं. मी ठरवलं, शाळेमागच्या मैदानात आमची बुडालेली गल्लीच्या गल्ली आखायची, खऱ्या मापाची!

लोक येऊन आपापली घरं सांगू लागले आणि मला अक्षरशः नाचावंसं वाटलं. भिंत नव्हतीच, नुसती रेघ होती, तरी एकही माणूस रेघ ओलांडून आत जाईना. वळसा घालून दाराच्या जागेतूनच आत जात होते, चपला बाहेर काढत होते. माय आमच्या चुलीच्या जागी जाऊन बसली. बोलली मात्र नाही. आमच्या आणि काकीच्या घरामधला बोळ कुणाचा, असं विचारलं तर तिने नुसतं पायाने आपल्या बाजूला दाखवलं. मी तो आमच्यात घेतला.

दुपारी काकी आली. कमरेवर हात ठेवून तिने बोळ पाहिला.

"हे कोणी आखलं? हा बोळ आमचा होये."

मी तोंड उघडायच्या आत चुलीपाशी हालचाल झाली.

"तुहा कवापासून?" माय उठली होती. "माहं जाळं तिथंच वाळे!"

"वाळे म्हणून काय तुह्या नावावर झाला? साऱ्या घरात मासोईचा वास येत होता मले!"

"अन् माह्या घरची मासोई खाताना नाही आला वास?"

झालं! काकीने पायाने रेघ पुसली. मायने मूठभर फक्की घेऊन ती पुन्हा ओढली. जो बोळ पाण्याखाली गेला, जिथे आता मासेच फिरत असतील, त्यावरून दोघी हमरीतुमरीवर आल्या. सगळी गल्ली जमली, बाजू वाटून घेतल्या गेल्या. तेवढ्यात प्रदर्शन बघायला नागपूरचे पाहुणे पोचले. त्यांच्यातल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "हा प्रदर्शनाचा भाग आहे का?"

"हो," मी बेधडक म्हणाले. मला रडू येत होतं आणि हसू आवरत नव्हतं. मायचा आवाज अगदी पहिल्यासारखा चढला होता.

अंधार पडायला लागला तशी माणसं पांगली. निकाल लागलाच नाही. रात्री जेवताना मायने बाबांना सगळं भांडण पहिल्यापासून सांगितलं, काकीच्या नकलेसकट. बाबा घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले.

सकाळी उठले तर माय लुगडं नीट करून दारात चपला घालत होती. तिच्या हातात झाकलेला डबा होता.

"कुठं चालली वो माय?"

"तिच्या घरी," ती म्हणाली. "कालचं बोलणं अर्धं राहून गेलं."

डब्यातून मासोईच्या रश्शाचा वास येत होता. वसाहतीच्या त्या टोकाला माय पहिल्यांदाच निघाली होती.