पहिला घास अक्कांचा

अक्का दर शनिवारी दुपारी मरायची तयारी करून जेवायला बसत. त्या मरत नाहीत ना, हे समोर बसून बघायचं काम माझ्याकडे होतं.

आमच्या समाजसेवी क्लबची मंगळवार पेठेत एक धान्य बँक होती. बँक कसली, एका सभासदाचं रिकामं गोदाम. क्लबातल्या प्रत्येक घरात एक डबा असे. रोज स्वयंपाकाआधी त्यात मूठभर धान्य टाकायचं आणि शनिवारी डबा गोदामात नेऊन रिकामा करायचा. शिवाय व्यापारी लोक पोती देत. हे सगळं जिल्ह्यातल्या वसतिगृहांना आणि वृद्धाश्रमांना जाई. गोदामाची किल्ली अक्कांच्या कमरेला. अक्का शिरोळकडच्या लिंगायत व्यापारी घरातल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, घोगरा आवाज, आणि रागावल्यावर मराठीतून कधी कानडीत शिरतील त्याचा नेम नाही. यजमान क्लबचे जुने सभासद होते. ते गेल्यावर कार्यक्रमांना यायचं अक्कांनी सोडलं, गोदाम मात्र सोडलं नाही.

त्यांचा नियम एकच. नवीन आलेल्या प्रत्येक पोत्यातलं मूठभर धान्य आधी अक्का खाणार. तांदूळ असेल तर भात, शाळू म्हणजे ज्वारी असेल तर जात्यावर भरडून कण्या. कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह होता, त्यावर त्या स्वतः शिजवत. वर फक्त मीठ. "लोणचं घेतलं की जिभंला काय कळतंय?" दिवेलागणीपर्यंत अक्का ठणठणीत राहिल्या, तरच पोती हलायची.

क्लबातले एक डॉक्टर हसून म्हणाले होते, "अक्का, अशानं काही सिद्ध होत नाही हो."

"मला कुठं शिद्ध करायचंय? मी हातपाय खोडले तर तुमाला कळंल की!"

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. शिक्षण सगळं इंग्रजी शाळेत. मराठी घरचीच, पण घराबाहेर माझा आवाज फुटत नसे. दुकानदाराने "काय पायजे?" म्हटलं की मी वस्तूकडे बोट दाखवायची. वडील क्लबमध्ये होते. पोरगी चार माणसांत बोलायला शिकेल म्हणून ते मला डबा घेऊन गोदामात पाठवू लागले. अक्कांनी मला नीट न्याहाळलं. "इंग्लिश शाळंत तोंड शिवून पाठवत्यात व्हय गं?" मी मान खाली घातली. "बरं हाय. हितं बोलणाऱ्या लई हायत. मला बघणारी पायजे. बस समोर."

त्यांनी मला काम समजावलं. जेवताना आणि जेवल्यावर अक्का सतत बोलत राहणार. बोलणं अडखळलं, शब्द जड झाले किंवा त्या गप्प झाल्या, की मी धावत चौकात जायचं आणि रिक्षा आणायची. "मी काय बोलतोय तिकडं ध्यान देऊ नगंस. मी बोलतोय का, तेवढं बघ."

आणि अक्का बोलत. सुनेबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल, क्लबच्या अध्यक्षांच्या नव्या सफारीबद्दल. "खांद्यात असा दाटलाय सफारी, टाळ्या वाजवल्या की फाटंल बघ!" मला हसू येई, पण नजर हलत नसे. मी त्यांच्या ओठांकडे, बोटांकडे, घामाकडे बघत राही. पाणी प्यायला त्या थांबल्या, तर मी चपलेत पाय घालून तयार बसे. एकदा त्यांना नुसता ठसका लागला आणि मी चौकापर्यंत पळत जाऊन रिक्षा घेऊन आले. रिक्षावाल्याला अक्कांनी भाडं देऊन परत पाठवलं. मला वाटलं, आता चिडतील. त्या म्हणाल्या, "अशीच भीत जा पोरी. भ्यायला लाज कसली?"

तोपर्यंत भीती ही लपवायची गोष्ट असं मला वाटे. शाळेत तसंच शिकवलं होतं. इथे एक मोठी बाई उघडपणे, रोजच्या कामासारखी भीत होती. कशाला भीत होती, ते एका पावसाळ्यात कळलं.

चंदगडकडच्या एका वसतिगृहातून फोन आला होता की धान्य संपलंय. पाऊस धो धो कोसळत होता, ओढ्याला पाणी चढलं तर रस्ता बंद होणार होता. आदल्या दिवशी जयसिंगपूरहून एका व्यापाऱ्याने दिलेली शाळूची पोती आली होती. अध्यक्ष बापूसाहेब गोदाममालकाकडची दुसरी किल्ली घेऊन अक्कांच्या आधी गोदामात पोचले. त्यांनी हमालाला घेऊन दोन पोती व्हॅनमध्ये टाकली, स्टँडवर नेली आणि चंदगडच्या गाडीत चढवली. घाई करून त्यांनी चूक केली असं मला आजही म्हणवत नाही. तिकडे पोरं उपाशी होती.

अक्का आल्या. उरलेल्या पोत्यांतलं एक त्यांनी उसवलं आणि नेहमीसारखा कोपरापर्यंत हात आत घातला. हात बाहेर काढून तळवा दारातल्या उजेडात धरला. रेषांमध्ये फिकट गुलाबी रंग बसला होता.

"बारदानाचा रंग असंल, अक्का," हमाल म्हणाला.

अक्कांनी हात धुतला, पुसला, दुसऱ्या पोत्यात घातला. पुन्हा तेच. मग त्यांनी पोती मोजली.

"दोन कुठं हायत?"

बापूसाहेब पावसातून आत येत होते. रुमालाने डोकं पुसत म्हणाले, "गेली गाडीनं. रातीपर्यंत पोरांच्या ताटात भाकरी."

अक्का मटकन पोत्यावर बसल्या आणि गप्प झाल्या. मी त्यांना कधीच गप्प पाहिलं नव्हतं. त्यांनी अजून काही खाल्लेलंही नव्हतं, तरी सवयीने मी रिक्षासाठी दाराकडे निघाले.

"बियाण्याचं हाय ते," त्या म्हणाल्या. "औषध लावलेलं. बापू, पळ. गाडी गाठ."

"अक्का, नक्की का?"

"नक्की न्हाई. पळ!"

बापूसाहेबांनी वाद घातला नाही. सफारीसकट पावसात पळत त्यांनी व्हॅन काढली. पण गाडी सुटून बराच वेळ झाला होता. अक्का मला घेऊन समोरच्या एसटीडी बूथवर आल्या. वसतिगृहाचा फोन पावसात बंद पडला होता. बूथवाल्याने गडहिंग्लज स्टँडचा नंबर शोधून दिला. चंदगडची गाडी तिथे थांबे. अक्कांनी रिसीव्हर उचलला, पण पलीकडे घंटा वाजू लागताच तो माझ्या हातात कोंबला.

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला. मी सांगू लागले. "ओ पावणं, ऐकू येत न्हाई! मोठ्यांदा बोला की!"

माझ्या मागे काचेपलीकडे लोक आडोशाला उभे होते. पाठीवर अक्कांचा हात होता.

"चंदगडच्या गाडीत दोन पोती हायत!" मी ओरडले. "उतरून घ्या! कुणाला खाऊ देऊ नका! विष हाय त्यात!"

एवढं मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. आणि अशा बोलीतही बोलले नव्हते. ती भाषा अक्कांची होती.

गाडी अजून यायची आहे, आली की बघतो, एवढंच तो माणूस म्हणाला. आम्ही बूथच्या बाकड्यावर फोनची वाट बघत बसलो. पावसाने रस्त्यावरून पाण्याचे लोंढे चालले होते. अक्का त्या लोंढ्यांकडे बघत हळू आवाजात बोलल्या.

"तम्मा लई भुकंचा होता."

त्यांच्या घरी धाकट्या भावाला तम्मा म्हणत. दुष्काळात दुकान बंद पडलं होतं. घरात उरली होती ती बियाण्याची गुलाबी ज्वारी. आईने पाणी स्वच्छ येईपर्यंत ती धुतली आणि शिजवली. वडील गावाला गेले होते, ते आल्याशिवाय ताटं करायची नव्हती. तम्माला दम धरवेना. त्याने आधी खाल्लं.

"आमी बाबांची वाट बगत बसलो, म्हणून आमी ऱ्हायलो," अक्का म्हणाल्या. "त्यो खेळत होता की गं. मग गप झाला."

संध्याकाळी फोन वाजला. बापूसाहेब गडहिंग्लजहून बोलत होते. पोती उतरवून ठेवली होती, ते घेऊन निघाले होते. "पण अक्का, पोरं आज काय खाणार?"

आता अक्कांनी रिसीव्हर स्वतः धरला होता. "उपाशी झोपलेलं पोरगं सकाळी उठतंय, बापू. उद्या तांदूळ धाडतो, मी आज खाऊन ठेवतो."

ती सगळी शाळू गोदामामागे चुना टाकून पुरली. थोडी तपासायला पाठवू असं ठरलं, ते राहूनच गेलं. त्यामुळे ते औषध होतं की बारदानाचा रंग, हे कुणालाच कळलं नाही. क्लबात काही जण कुजबुजले की म्हातारीच्या भीतीपायी चांगलं अन्न मातीत गेलं. अक्कांच्या कानावर ते आलं. "गेलं असंल की," एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या शनिवारी त्यांच्या ताटाजवळ बापूसाहेबही माझ्याशेजारी डबा उलटा टाकून बसले.

पुढे गुडघे गेले, तशा अक्का जयसिंगपूरला लेकीकडे राहायला गेल्या. मी तेव्हा नोकरीला लागले होते. जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. पहिला घास आता कुणी घ्यायचा, ते मी त्यांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पहिल्या शनिवारी मी कण्या शिजवल्या आणि मान वर केली, तर अक्का दारात. लेकीला न सांगता एसटीने आल्या होत्या. समोर बसल्या. मी पहिला घास घेतला. त्यांचा चेहरा बघवेना.

"बोल की!" त्या ओरडल्या. "गप का? बोल!"

काय बोलणार? मी ऑफिसबद्दल बोलले. बसबद्दल, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल, बापूसाहेबांच्या सफारीबद्दल, ज्या मुलाला मी कधीच काही बोलू शकले नव्हते त्याच्याबद्दलसुद्धा. अक्कांनी एकाही गोष्टीला हूं म्हटलं नाही. त्या माझे ओठ बघत होत्या.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी गोदामात नव्याने घेतलेला फोन वाजे. "ताट घेतलंस?" "हो अक्का." "मग बोल." आणि दिवे लागले की पुन्हा फोन, "बरं. ने पोती."

एका शनिवारी फोन वाजला नाही. मी ताट पुढ्यात घेऊन बसले होते. कण्या निवल्या. मग लेकीचा फोन आला. अक्का सकाळी झोपेतच गेल्या होत्या.

चंदगडला जायची पोती दाराशी बांधून ठेवलेली होती. मी स्टोव्ह पेटवला, कण्या पुन्हा गरम केल्या, पहिला घास घेतला, आणि त्या रिकाम्या गोदामात दिवे लागेपर्यंत मोठमोठ्याने बोलत राहिले.